माशातलं सिग्वाटॉक्सिन पेशींवर तपासताना : न्यूरो-२ए चाचणी नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी

सिग्वाटॉक्सिनला चव नसते, वास नसतो आणि शिजवून किंवा गोठवून ते नाहीसंही होत नाही. प्रवाळावर आणि समुद्री शेवाळांवर राहणाऱ्या गॅम्बिअरडिस्कस नावाच्या एकपेशीय शैवालात त्याचा उगम असतो. शैवाल खरवडून खाणारे छोटे मासे आणि त्यांना गिळणारे मोठे मासे या वाटेनं ते वर चढतं. वर चढताना माशाच्या शरीरात त्याचं रूपही बदलतं, आणि मोठ्या शिकारी माशांतली काही रूपं मूळ शैवालातल्या रूपांपेक्षा जास्त जहाल असतात. बाधा झालेल्या माणसाला उलट्या-जुलाबांनंतर हातापायांना मुंग्या येतात आणि थंड पाण्याचा स्पर्श चटका बसल्यासारखा वाटतो. हा प्रकार ताहितीकडच्या बेटांवर नेहमीचा आहे. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळुरात तांबोशीच्या कुळातल्या माशांची डोकी खाऊन अनेकजण आजारी पडले, तेव्हाची लक्षणं सिग्वाटेराशीच, म्हणजे याच विषबाधेशी, जुळत होती. म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळांनाही ही चाचणी जमायला हवी.

अडचण प्रमाणाची आहे. पॅसिफिकमधल्या माशांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सुचवलेली मर्यादा किलोमागे ०.०१ मायक्रोग्रॅम सीटीएक्स१बी-समतुल्य (सीटीएक्स१बी हे सिग्वाटॉक्सिनचं एक रूप), म्हणजे किलोभर मांसात दहा नॅनोग्रॅम आहे. इतकं कमी विष शोधायला संवेदनशील आणि त्या मानानं स्वस्त साधन म्हणजे उंदराच्या न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी, न्यूरो-२ए. १९९३ मध्ये मँगर यांच्या गटानं ही पद्धत मांडली आणि आज ती जगभर वापरात आहे.

चाचणी चालते कशी

पेशीच्या पटलात सोडियमसाठी दरवाजे असतात आणि आत आलेलं सोडियम बाहेर फेकणारा एक पंपही असतो. सिग्वाटॉक्सिन हे दरवाजे उघडे ठेवायला लावतं. पण निरोगी न्यूरो-२ए पेशीचा पंप एवढं सोडियम सहज बाहेर काढतो, त्यामुळे नुसतं विष टाकून पेशी मरत नाही. म्हणून दोन मदतनीस लागतात. औबेन पंप दाबून धरतं आणि व्हेराट्रिडीन दरवाजे थोडे किलकिले करतं. या जोडीला प्रयोगशाळेत ‘ओव्ही’ म्हणतात. ओव्हीमुळे पेशी काठावर येते, त्यात सिग्वाटॉक्सिन पडलं की सोडियमचा लोंढा आत येतो आणि पेशी मरते. किती पेशी जगल्या हे रंग देऊन मोजायचं.

औबेन हे हृदयावर परिणाम करणारं ग्लायकोसाइड आहे. कण्हेरीतलं विष याच कुळातलं, आणि तेही हाच पंप बंद पाडतं. उंदरांच्या पेशींतला पंप मात्र औबेनला सहजासहजी दाद देत नाही, म्हणून इथे मात्रा मायक्रोमोलरच्या शंभरीत जाते. माणसाच्या पेशींना एवढं औबेन मुळीच सोसणार नाही. दोन्ही रसायनं तोलताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि भुकटी उडू द्यायची नाही.

पेशी

भारतात न्यूरो-२ए पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मिळू शकतात. आल्या आल्या भरपूर वाढवून कुप्या द्रवनायट्रोजनमध्ये ठेवून द्या, आणि मायकोप्लाझ्माची (पेशींत नकळत वाढणाऱ्या जिवाणूंची) तपासणी करून घ्या. मायकोप्लाझ्मा लागलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठीकच दिसतात, एमटीटीचे (जिवंत पेशी मोजायच्या रंगाचे) आकडे मात्र बिघडवतात.

वाढीचं माध्यम : आरपीएमआय-१६४०, १० टक्के फीटल बोवाइन सीरम, २ मिलीमोलर ग्लुटामिन, १ मिलीमोलर सोडियम पायरुवेट, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन. ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. चाचणीच्या दिवसाचं माध्यम हेच, फक्त सीरम ५ टक्के. सीरमची एकच बॅच मोठ्या प्रमाणात घेऊन ठेवा. बॅच बदलली की ओव्हीची मात्राही पुन्हा जमवावी लागते.

फ्लास्क ८० टक्के भरला की पेशी उचला. त्याहून दाट झाल्या की गठ्ठे होतात आणि गठ्ठ्यांची मोजणी फसवी ठरते. ०.०५ टक्के ट्रिप्सिन दोन-तीन मिनिटं पुरतं. न्यूरो-२ए तशाही तळाला घट्ट धरून बसत नाहीत. हा त्यांचा स्वभाव पुढे दोनदा आड येतो, लक्षात ठेवा. ट्रिपॅन ब्लूनं मोजल्यावर ९० टक्क्यांहून कमी पेशी जिवंत असतील तर त्या दिवशी प्लेट लावू नका. पॅसेजचा आकडा (पेशी कितव्यांदा उचलून नव्या फ्लास्कमध्ये घातल्या) वहीत नोंदवत जा. फार जुन्या पेशींचा ओव्हीला प्रतिसाद बदलतो. तसं झालं की नवी कुपी काढा.

ओव्ही जमवणं : नमुना हाती घेण्याआधीचं काम

नवखे लोक इथेच घाई करतात. कुठल्यातरी शोधनिबंधातली मात्रा उचलतात, प्लेट लावतात आणि वक्र बिघडला की प्रमाण विषाला (तुलनेसाठी घेतलेल्या, ज्ञात मात्रेच्या सिग्वाटॉक्सिनला) दोष देतात. दोष बहुधा ओव्हीचा असतो. दुसऱ्या प्रयोगशाळेची मात्रा तुमच्या पेशींना, तुमच्या सीरमला आणि तुमच्या रसायनाच्या बॅचला लागू पडेलच असं नाही.

साठ्याची द्रावणं अशी करा. औबेन १० मिलीमोलर, पाण्यात, उजेडापासून दूर. व्हेराट्रिडीन १ मिलीमोलर, हायड्रोक्लोरिक आम्लानं पीएच २ केलेल्या पाण्यात, कारण साध्या पाण्यात ते नीट विरघळत नाही. दोन्ही छोट्या कुप्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. एक कुपी एकदाच वितळवायची.

आता १० : १ हे प्रमाण कायम ठेवून वाढती मात्रा लावा. औबेन/व्हेराट्रिडीन मायक्रोमोलरमध्ये ०/०, ५०/५, ७५/७.५, १००/१०, १५०/१५, २००/२०, ३००/३०, ५००/५०. प्रत्येकी सहा वेल (प्लेटमधले खळगे), रात्रभर संपर्क, मग एमटीटी. सिग्वाटॉक्सिनसाठी जी मात्रा ओव्हीविना वेलच्या तुलनेत साधारण ८० ते ९० टक्के पेशी जिवंत ठेवते ती निवडा. मात्रा कमी पडली तर पेशी काठावर येतच नाहीत आणि विषाचा वक्र उजवीकडे सरकतो, म्हणजे संवेदनशीलता जाते. मात्रा जास्त झाली तर ओव्हीनंच पेशी मरतात आणि वक्राला घसरायला जागाच उरत नाही. बऱ्याच ठिकाणी उत्तर ८५ ते १०० मायक्रोमोलर औबेनच्या आसपास येतं, पण तुमचं उत्तर तुमच्याच प्लेटवरून काढा. हा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा. तिन्ही वेळा तीच मात्रा आली तरच पुढे जा.

प्लेटची मांडणी

९६ वेलच्या प्लेटमधल्या कडेच्या ३६ वेलमध्ये पेशी घालू नका, नुसतं २०० मायक्रोलीटर पीबीएस (फॉस्फेट असलेलं खारं द्रावण) भरा. कडेचं पाणी आधी उडतं आणि तिथल्या पेशी वेगळ्या वागतात. आतले ६० वेल उरतात, बी ते जी ओळी आणि २ ते ११ स्तंभ. बी, सी, डी ओळी ओव्हीविना आणि ई, एफ, जी ओळी ओव्हीच्या. स्तंभ ३ ते १० मध्ये आठ मात्रा, प्रत्येक मात्रा तिहेरी. स्तंभ २ आणि ११ नियंत्रणासाठी, म्हणजे ओव्हीविना सहा आणि ओव्हीचे सहा नियंत्रण वेल मिळतात. एका प्लेटवर एकच नमुना बसतो. ही उधळपट्टी वाटेल. पण ओव्हीविनाचा अर्धा भाग गाळलात तर निकालाचा अर्थच लावता येत नाही. का, ते पुढे येईल.

दर वेलला ५० हजार पेशी हव्यात. मिलीलीटरला २.५ लाख पेशींचं १४ मिलीलीटर द्रावण करा आणि वेलला २०० मायक्रोलीटर टाका. लागतात १२ मिलीलीटर, वरचे दोन हाताशी. टाकताना नळी अधूनमधून हलवत राहा, नाहीतर पेशी तळाशी बसतात आणि शेवटच्या स्तंभात दुप्पट जातात. प्लेट इनक्युबेटरमध्ये नेण्याआधी १५-२० मिनिटं टेबलावर सपाट राहू द्या, म्हणजे पेशी वेलच्या कडेला गोळा होत नाहीत. मग रात्रभर, २० ते २४ तास.

माशाचा अर्क

दहा ग्रॅम मांस, कातडी आणि हाडं काढून. अर्क काढायच्या अनेक पद्धती आहेत, पण सगळ्यांचा गाभा एकच, तो म्हणजे चरबी घालवायची आणि विष राखायचं. मांस शिजवून मेथॅनॉल किंवा ॲसिटोनमध्ये दोनदा मिक्सरनं घोटून गाळा. सुकवून ८० : २० मेथॅनॉल-पाण्यात घ्या आणि हेक्झेननं धुवा. चरबी हेक्झेनमध्ये जाते, ते टाकून द्या. मेथॅनॉल उडवून उरलेला भाग पाणी आणि डायक्लोरोमिथेनमध्ये विभागा. सिग्वाटॉक्सिन डायक्लोरोमिथेनमध्ये येतं. शेवटी सी१८ काडतूस : ७० टक्के मेथॅनॉलमध्ये भरा आणि धुवा, ९० टक्के मेथॅनॉलनं विष उतरवा. हे सगळं फ्यूम हूडखाली. अंतिम अर्क २ मिलीलीटर मेथॅनॉलमध्ये घेतलात तर मिलीलीटरमागे ५ ग्रॅम मासा येतो.

भांडी काचेची वापरा. सिग्वाटॉक्सिन प्लास्टिकला चिकटतं, आणि पिकोग्रॅममध्ये काम करताना हे चिकटणं मोजमापात दिसतं. पुनर्प्राप्ती, म्हणजे विषाचा किती भाग अर्कात हाती येतो ते, ठरवायला विष नसलेल्या माशात ठरावीक मात्रेत प्रमाण विष मिसळून संपूर्ण क्रिया करा. शक्यतो तीच जात घ्या, कारण चरबी जातीगणिक बदलते.

प्लेटवर टाकण्यासाठी अर्कातले २०० मायक्रोलीटर नायट्रोजनखाली सुकवा. आधी १० मायक्रोलीटर मेथॅनॉलनं ओले करा, मग १९० मायक्रोलीटर चाचणी-माध्यम घाला. थेट माध्यम ओतलं तर विष काचेवरच राहतं. आता ५ टक्के मेथॅनॉल असलेल्या माध्यमातच निम्म्या-निम्म्या पातळीकरणानं आठ मात्रा करा. वेलमध्ये शेवटी मेथॅनॉल ०.२४ टक्के राहतं आणि सगळ्या वेलमध्ये, नियंत्रणांतही, सारखंच राहतं.

विषाचा दिवस

ओव्हीचं माध्यम ताजं करा. ७ मिलीलीटर चाचणी-माध्यमात औबेनचा साठा ७० मायक्रोलीटर आणि व्हेराट्रिडीनचा ७० मायक्रोलीटर घातला की १००/१० मायक्रोमोलर होतं, आणि वेलमध्ये १० मायक्रोलीटर नमुना पडल्यावर ते ९५/९.५ वर येतं. तुमची मात्रा वेगळी असेल तर त्याच हिशेबानं बदला. ओव्हीविनाच्या माध्यमात तेवढंच साधं पाणी आणि तेवढंच आम्लयुक्त पाणी घाला, म्हणजे दोन्ही बाजूंत औषधांखेरीज काहीच फरक राहत नाही.

जुनं माध्यम काढताना प्लेट तिरकी धरा आणि टोक भिंतीला टेकवून हळू ओढा. पेशी सैल असतात हे आठवतंय ना? जोरात ओढलं की थराचे तुकडे निघतात आणि तो खड्डा नंतर ‘विष’ म्हणून मोजला जातो. दोनशे मायक्रोलीटर नवं माध्यम सावकाश भरा, मग वेलला १० मायक्रोलीटर नमुना.

प्रमाण विषाची प्लेट त्याच दिवशी, त्याच पेशींवर लावा. वेलमधली सर्वांत वरची मात्रा मिलीलीटरला २५ पिकोग्रॅम ठेवा, म्हणजे टाकायचं द्रावण त्याच्या २१ पट, ५२५ पिकोग्रॅम. निम्म्या-निम्म्यानं आठवी मात्रा ०.२ पर्यंत खाली जाते. पुन्हा २० ते २४ तास.

रंग आणि वाचन

एमटीटीचा साठा ५ मिलीग्रॅम प्रति मिलीलीटर, पीबीएसमध्ये, गाळून, अंधारात. त्यातले ०.६४ मिलीलीटर ३.३६ मिलीलीटर माध्यमात मिसळा, म्हणजे ०.८ मिलीग्रॅमचं ४ मिलीलीटर द्रावण होतं. वेलमधलं माध्यम काढा (इथे दुसऱ्यांदा तीच काळजी), ६० मायक्रोलीटर एमटीटी घाला, ३७ अंशांवर ३० ते ४५ मिनिटं ठेवा. जिवंत पेशींत जांभळे स्फटिक दिसतात. एमटीटी काढून १०० मायक्रोलीटर डीएमएसओ घाला, स्फटिक पूर्ण विरघळेपर्यंत हलवा, ५७० नॅनोमीटरला वाचा आणि ६३० चं वाचन वजा करा. बुडबुडे फोडल्याशिवाय प्लेट यंत्रात घालू नका.

ओव्हीविना नियंत्रणाचं शोषण एकच्या आसपास यावं. ०.५ च्या खाली गेलं तर पेशी कमी पडल्या किंवा निसटल्या, ती प्लेट बाद समजा. तिहेरी वेलमधला फरक २० टक्क्यांच्या वर गेला तर कारण शोधा, सरासरी काढून झाकू नका.

अर्थ लावणं

ओव्हीविना वेल ओव्हीविना नियंत्रणाच्या टक्केवारीत आणि ओव्हीचे वेल ओव्ही नियंत्रणाच्या टक्केवारीत मांडा. चार-घटकी लॉजिस्टिक वक्र बसवा. पेशी निम्म्यावर येतात ती मात्रा म्हणजे ईसी५०. चांगल्या प्लेटवर सिग्वाटॉक्सिनचा ईसी५० मिलीलीटरला एक अंकी पिकोग्रॅममध्ये येतो.

नमुन्याच्या वक्राकडे आधी ओव्हीविना बाजूनं पाहा. तिथे पेशी शाबूत आणि ओव्हीच्या बाजूला मेलेल्या, असं दिसलं तर सोडियमचे दरवाजे उघडणारं काहीतरी नमुन्यात आहे. दोन्हीकडे सारख्याच मरत असतील तर ते सिग्वाटॉक्सिन म्हणता येणार नाही. उरलेली चरबी, विद्रावक किंवा दुसरं विष यांतलं काहीही असू शकतं. गॅम्बिअरडिस्कसचंच मेटोटॉक्सिन ओव्हीविना पेशी मारतं, कारण ते कॅल्शियम आत आणतं. ऑस्ट्रिओप्सिस शैवालाशी जोडलेलं पॅलिटॉक्सिन थेट पंपाला धरतं, आणि आधी औबेन दिलं तर पेशी त्यापासून वाचतात. ओव्हीविना ओळी वाचवण्याच्या नादात हे सगळं हातचं जातं.

ओव्हीविना बाजूला ज्या मात्रेपर्यंत पेशींना काही होत नाही, ती त्या अर्काची कमाल वापरमात्रा. तिच्या वरचे बिंदू वक्रातून काढा. मोजमापाची खालची मर्यादा = प्रमाण विषाचा ईसी५० ÷ कमाल मात्रा. समजा प्रमाण ईसी५० मिलीलीटरला २ पिकोग्रॅम आणि कमाल मात्रा मिलीलीटरला २०० मिलीग्रॅम मासा. भागाकार ०.०१ पिकोग्रॅम प्रति मिलीग्रॅम, म्हणजे किलोला ०.०१ मायक्रोग्रॅम, नेमकी मार्गदर्शक मर्यादा. कमाल मात्रा ५० वरच अडली तर मर्यादा ०.०४ वर जाते, आणि धोक्याचा मासा तुमच्या हातून सुटतो. अर्क स्वच्छ करण्यावर एवढा वेळ का घालवायचा, ते या भागाकारात आहे. नमुन्यात विष किती आहे तेही तसंच निघतं : प्रमाण विषाच्या ईसी५० ला नमुन्याच्या ईसी५० नं भागा.

जे वारंवार बिघडतं

प्रमाण विषाचा वक्र येत नाही पण नियंत्रणं ठीक आहेत : विष प्लास्टिकच्या नळीत पातळ केलंय का ते आधी पाहा, मग साठ्यातलं मेथॅनॉल उडून गेलंय का ते. ओव्ही नियंत्रण एकदम ४० टक्क्यांवर आलं : व्हेराट्रिडीनची नवी बॅच किंवा पेशी विरळ. विरळ पेशींवर तीच ओव्ही जास्त परिणाम करते. ओव्हीचा काही परिणामच दिसत नाही : व्हेराट्रिडीन वितळवताना खाली बसलं असेल, कुपी उजेडात धरून पाहा. नमुन्याच्या वरच्या मात्रांत शोषण १०० टक्क्यांच्याही वर जातं : अर्कातली काही द्रव्यं एमटीटीला स्वतःच रंग आणतात. पेशींविना वेलमध्ये अर्क आणि एमटीटी घालून तपासा.

शिंपल्यांसाठी उलटी चाचणी

तिसऱ्या, कालवं, शिणाणे यांत साचणारं सॅक्सिटॉक्सिन सोडियमचे दरवाजे उघडत नाही, बंद करतं. १९८३ मध्ये मंगळुरच्या दक्षिणेला कुंबळे इथे शिंपल्या खाऊन झालेली अर्धांगवायूसारखी विषबाधा याच गटातली. पेशी त्याच, पण ओव्हीची मात्रा इतकी वाढवा की नियंत्रणात फक्त २० टक्के पेशी उरतील. सॅक्सिटॉक्सिन असेल तर दरवाजे बंद होऊन पेशी वाचतात आणि वक्र खालून वर चढतो. अर्क ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून काढतात, तो पेशींवर टाकण्याआधी पीएच वर आणायला विसरू नका, आम्लानं मेलेल्या पेशी इथे विष लपवतात. नियामक मर्यादा किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम असल्यानं संवेदनशीलतेची ओढाताण सिग्वाटॉक्सिनइतकी नसते. सॅक्सिटॉक्सिन रासायनिक शस्त्र कराराच्या पहिल्या यादीत आहे, त्यामुळे प्रमाण द्रावण मागवण्याची कागदपत्रं कितीतरी आधीपासून सुरू करा.

निकाल लिहिताना

न्यूरो-२ए चाचणी विषाची एकूण क्रिया मोजते, रेणूचं नाव सांगत नाही. ब्रेव्हटॉक्सिनही सोडियमच्या दरवाजावर त्याच जागी बसतं, तेव्हा या चाचणीत ते सिग्वाटॉक्सिनसारखंच दिसेल. म्हणून सकारात्मक नमुन्याचा उरलेला अर्क उणे २० अंशांवर काचेत जपून एलसी-एमएस/एमएस (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या) तपासणीला पाठवा. अहवालात ‘सीटीएक्स१बी-समतुल्य’ किंवा ज्या प्रमाणाशी तुलना केली त्याचं नाव लिहा. सीटीएक्स३सी (सिग्वाटॉक्सिनचं दुसरं रूप) वापरून सीटीएक्स१बीचा आकडा लिहू नका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये सुचवलेल्या गुणांकांत सीटीएक्स३सीचं वजन ०.२ आहे. माशाची जात, वजन, पकडल्याची जागा, पेशींचा पॅसेज, ओव्हीची मात्रा, प्रमाणाचा ईसी५० आणि मोजमापाची खालची मर्यादा हे सारं अहवालात असू द्या. वक्र सपाट आला तर ‘विष नाही’ असं लिहू नका, ‘किलोमागे इतक्या मायक्रोग्रॅमच्या मर्यादेखाली’ असं आकड्यासह लिहा.